दक्षिणेच्या खिडकीचे पडदे

"तो आलाच नाही, केरिस."

शुक्रवारी सकाळी फोनवर ग्विलिम प्रिदेर्खचा आवाज ऐकून केरिस प्यूने हातातला 'माते'चा पेला खाली ठेवला. तो कडू काढा नळीने ओढून संपवल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही, हे अख्ख्या गायमन गावाला ठाऊक होतं. तरी ग्विलिमने फोन केला, म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"कोण आला नाही?"

"एल्व्हिओ. काल सकाळच्या बसने येणार होता. मी नि नेस्ट दिवसभर ट्रेलेऊला, डायलिसिसला. संध्याकाळी येऊन बघतो तर आई म्हणते, कुणी आलं नाही. म्हटलं, बस चुकली असेल. पण आजचीही बस येऊन गेली."

"उद्या तुमचं विमान आहे."

"म्हणून तर तुला फोन केला," ग्विलिम म्हणाला.

केरिस काही पोलीस नव्हती. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. वेल्सहून बोटीने पॅटागोनियात उतरलेल्या लोकांच्या वंशावळी शोधणं ही तिची जुनी खोड. कुठून कुठून माणसं पणजोबाचं नुसतं नाव घेऊन यायची आणि ही कबरस्तानं धुंडाळून त्यांचे चुलते-मामे हुडकून द्यायची. गावातले लोक तिला चिडवत, केरिसला मेलेल्यांच्या ओळखी जिवंतांपेक्षा जास्त.

या खेपेला मात्र काम जिवंत पोरीचं होतं.

ग्विलिमची मुलगी नेस्ट सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आई वारलेली, भावंड नाही. बापाला मधुमेह, त्याची किडनी डॉक्टरांनी पाहताक्षणी नाकारली. कायद्याप्रमाणे जिवंत माणसाची किडनी घ्यायची तर रक्ताचं नातं हवं, तेही चुलत भावंडांपर्यंतचं. त्यापलीकडचं चालत नाही.

तेव्हा केरिस नेस्टच्या आजोबांपर्यंत गेली. इथेल प्रिदेर्ख तरुणपणी बोटीने आला, तो आधी थेट पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी गेला होता. तिथे त्याने रोसा नावाच्या मुलीशी लग्न केलं. एक मुलगा झाला आणि रोसा वारली. मुलगा आजोळी राहिला, इथेल खाली या खोऱ्यात आला आणि त्याने हॅनाशी दुसरं लग्न केलं. त्या हॅनाचा मुलगा ग्विलिम. आणि रोसाच्या मुलाचा मुलगा एल्व्हिओ, डोंगरात चेरीची बाग करणारा, घरी फोनसुद्धा नसलेला. केरिस सगळं माळरान ओलांडून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कधी यायचं?"

असा माणूस बस चुकवत नाही. केरिसने कोट अंगावर चढवला आणि वाऱ्यात बाहेर पडली.

प्रिदेर्खांचं घर कालव्याच्या कडेला, विटांचं. पुढच्या खोलीची मोठी खिडकी दक्षिणेला, रस्त्याकडे. ऊन या मुलखात उत्तरेकडून येतं, त्यामुळे भर डिसेंबरच्या उन्हाळ्यातही ती खोली थंडगार. कोचावर हॅनाने शिवलेली रजई, तिच्यावर कुणी बसायचं नाही. भिंतीवर इथेलचा फोटो, त्याच्या शेजारी रोसाचा. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा फोटो हॅनाने स्वतः चौकट करून लावला होता. दर हिवाळ्यात त्या पोरक्या मुलाला हातची रजई शिवून पाठवणारीही तीच. केरिसच्या वंशावळीतली निम्मी नावं हॅनाच्या तोंडूनच आली होती. सगळं घर नेहमी उघडं, उजेडाचं. केरिसने या खोलीचे पडदे खाली ओढलेले एकदाच पाहिले होते, नेस्टची आई इथे शवपेटीत होती तेव्हा.

स्वयंपाकघरात मंडळी टेबलाशी बसली होती. चुलीवर चेरीचा मुरंबा रटरटत होता आणि हॅनाआजी पाठमोरी उभी राहून तो ढवळत होती. ऐंशी ओलांडलेली बाई, पण पाठ अजून ताठ. नेस्टचा चेहरा मेणासारखा झाला होता. शेजारचा आलेद बोवेन चिखलाचे बूट दाराबाहेर काढून आत आला होता.

"तू त्याला पत्ता नीट दिला होतास ना?" आलेदने केरिसला विचारलं. "डोंगरातला माणूस तो. गायमनमध्ये दोन रस्ते एकदम बघून गांगरला असेल."

"तुझ्यापेक्षा हुशार आहे."

"त्याला काय अक्कल लागते?" आलेद म्हणाला आणि नेस्टकडे बघून हसला. मग त्याचं हसू मावळलं. "माझ्या दोन्ही धडधाकट आहेत गं. रक्तगटसुद्धा तोच. मी डॉक्टरला म्हटलं, काढ एक, मी काय दोघींना जेवायला घालणार आहे? तर म्हणे, शेजारी हे नातं कायद्यात बसत नाही."

"दर रविवारी हेच सांगता, आलेदकाका," नेस्ट म्हणाली.

"मग? तुझ्या बापाने माझ्या बहिणीशी, ओल्वेनशी लग्न केलं असतं तर कुठूनतरी बसवलं असतं मी स्वतःला. सगळं ठरलं होतं. आमच्या घरात केक भाजायला घेतला होता."

हॅनाचा चमचा भांड्यात थांबला. "जुनं उकरू नकोस, आलेद. पोरीला ब्रेड दे."

टेबलावर मनुका घातलेला ब्रेड होता, पांढऱ्या कापडाखाली. ताटली मात्र घरची नव्हती.

"चॅपलमधल्या मिसेस पॅरीची आहे," नेस्ट म्हणाली. "काल मागच्या दाराने देऊन गेली म्हणे. का ते कोण जाणे. कुणाचा वाढदिवस नाही, काही नाही."

केरिसने एक तुकडा तोंडात टाकला आणि हॅनाकडे वळली. "हॅनाकाकू, काल तुम्ही दिवसभर घरातच होतात?"

"हे गुडघे घेऊन कुठे जाणार?"

"दार वाजलं नाही?"

"नाही."

"रस्त्यावर कुणी अनोळखी?"

"मी मागे, इथे होते. रस्त्याकडे बघायला मला वेळ नव्हता."

"एल्व्हिओ घाबरला असेल का?" ग्विलिमने विचारलं. "ऐन वेळी माणूस कच खातो."

"घाबरण्यासारखं अजून काहीच नव्हतं, टाड," नेस्ट बापाला म्हणाली. "मंगळवारी डॉक्टर आपल्यासमोरच बोलले ना. आधी ब्वेनोस आइरेसला नुसतं रक्त घेणार. आम्ही दोघं खरंच एका आजोबांची नातवंडं आहोत का, ते बघणार. कागद काय, कुणीही आणतो म्हणाले. नातं रक्तात दिसलं तर पुढे."

"आणि उद्याची वेळ हुकली तर?" केरिसने विचारलं, उत्तर माहीत असून.

पुढची पाळी थेट जून-जुलैच्या हिवाळ्यात होती, आणि नेस्ट हिवाळा बघेल असं कुठल्याही डॉक्टरने कबूल केलं नव्हतं.

समोर दोन्या अंपारोचं किराणा दुकान. बाई स्पेनच्या दक्षिणेकडची. या गल्लीत आयुष्य गेलं तरी चॅपलवाल्या वेल्श लोकांचं आपल्याला काही कळत नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

"पाहिला की," ती म्हणाली. "उंच, डोंगराकडची टोपी. हातात टोपली. काल सकाळी."

केरिस एकदम पुढे झाली. "कुठे पाहिला?"

"त्यांच्या फाटकाशी. आला तो भराभर. मग घराकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबला. टोपी काढली. डोकं खाली घालून उभा राहिला बराच वेळ. मग टोपली कठड्यावर ठेवली आणि आल्या वाटेने परत गेला."

"दार वाजवलं नाही?"

"फाटकसुद्धा उघडलं नाही."

"कुणी काही सांगितलं त्याला? कुणाशी बोलला?"

"रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मीच हाक मारणार होते. पण रडणाऱ्या पुरुषाला हाक मारू नये."

"रडत होता?"

"मी काय आंधळी आहे?"

"घरात कुणी दिसलं?"

"कसं दिसणार? पुढचे पडदे सगळे खाली. वाटलं, पोरगी निजली असेल. मग आठवलं, गुरुवारी ती नसतेच."

"आणि टोपली?"

"गिऱ्हाईक आलं, मी वजन करून दिलं. परत बघते तर टोपली गेलेली." अंपारोने पुढे वाकून आवाज खाली आणला. "त्याच्या आधी ती पॅरी मागच्या दाराला गेली होती. काळे कपडे घालून, आठवड्याच्या मधेच. तुम्ही लोक कशासाठी काय घालता, देवाला माहीत."

केरिसने उगाच एक साबण विकत घेतला आणि बाहेर आली.

ती पुढच्या दाराने गेली नाही. घराला वळसा घालून मागे गेली. कोंबड्यांच्या जाळीत हिरवा पाचोळा पडला होता आणि कोंबड्या तो चिवडत होत्या. तिने जाळीत हात घालून एक पान ओढलं. नेच्याचं पान, लांब, दातेरी, अजून पुरतं सुकलं नव्हतं. या कोरड्या खोऱ्यात नेचा औषधालाही उगवत नाही. डोंगरातल्या बायका फळांच्या टोपल्यांना तो अस्तरासारखा लावतात.

पान तिने खिशात टाकलं आणि स्वयंपाकघरात गेली.

"हॅनाकाकू, काल पुढच्या खोलीचे पडदे खाली होते?"

हॅनाने मुरंबा बरणीत ओतायला घेतला होता. "असतील. ऊन येतं. त्या रजईचा रंग उडतो."

"बरं," केरिस म्हणाली.

तेवढ्यात नेस्टने सवयीने रेडिओ लावला. दुपारी फोन नसलेल्या दूरच्या वस्त्यांसाठी निरोप वाचतात, सगळा प्रांत जेवताना ते ऐकतो. अमक्याला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल. तमक्याने घोडे घेऊन नाक्यावर यावं. मेंढ्यांचं औषध आलं आहे. निवेदकाचा आवाज सगळ्याला सारखाच.

"गायमनच्या प्रिदेर्ख कुटुंबासाठी," आवाज म्हणाला. "नेस्टला भेटायचं राहून गेलं. फाटकापर्यंत आलो होतो, पण पहिल्या दिवशी तुमच्या दुःखात पाऊल टाकायचा धीर झाला नाही. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतं. एल्व्हिओ प्रिदेर्ख."

पुढचा निरोप एका हरवलेल्या खेचराचा होता.

नेस्ट हसायला लागली. "टाड, मी गेले वाटतं. मला कुणी सांगितलं नाही." हसता हसता तिचा श्वास अडकला, आणि ग्विलिमने तिला छातीशी धरलं तेव्हा ती हसत नव्हती.

"मी निघतो," ग्विलिम म्हणाला. "आत्ता गाडी काढतो."

"तू पोचशील तेव्हा रात्र झालेली असेल," आलेद म्हणाला. "आणि विमान सकाळी. कसा आणणार त्याला?"

"मग काय करू? इथे बसून बघू?" ग्विलिमने टेबलावर मूठ आपटली. ताटली उडाली. "कोणी सांगितलं त्याला हे? कुठल्या हलकटाने सांगितलं?"

"कुणी नाही," केरिस म्हणाली. "सगळे पुढच्या खोलीत चला. हॅनाकाकू, तुम्हीही."

हॅनाने बरणीला झाकण लावलं, हात पुसले आणि मुकाट्याने निघाली.

पुढच्या खोलीत केरिस सरळ खिडकीशी गेली आणि तिने पडदे एकामागून एक खाली ओढले. खोलीत अंधार झाला. नेस्ट खुर्चीत बसली. आलेद मोजे घातलेल्या पायांनी दारातच थांबला.

"ग्विलिम, रस्त्यावर जा. फाटकाशी उभा राहा, घराकडे बघ आणि परत येऊन मला सांग, काय वाटलं."

तो गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सांग."

"घरात मयत आहे असं वाटलं."

"तुला आतलं सगळं माहीत असून वाटलं. मग बिचाऱ्या एल्व्हिओला काय वाटलं असेल? ज्या घरात पोरगी मरणाच्या दारात आहे म्हणून तो आला, त्या घराचे पडदे भर सकाळी खाली. तोही चॅपलमध्येच वाढलाय. मयताच्या घरी पहिल्या दिवशी घरच्यांखेरीज कुणी उंबरा ओलांडत नाही, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. समोरची अंपारो दिवसभर तेच पडदे बघत होती, तिला काही वाटलं नाही. मिसेस पॅरीने बघितले, ती काळे कपडे घालून मयताचा ब्रेड मागच्या दारातूनच देऊन गेली. तिची समजूत काढून तिला परत लावली असेल. आपल्यातलाच माणूस ही चूक करणार. त्याच्याशी कुणी एका शब्दाने खोटं बोललं नाही. फक्त पडदे ओढले."

"उन्हासाठी ओढले," ग्विलिम म्हणाला. "आई मघाशीच म्हणाली."

"ही खिडकी दक्षिणेची आहे. हे घर बांधल्यापासून या रजईला ऊन लागलेलं नाही." केरिसने खिशातलं नेच्याचं पान टेबलावर ठेवलं. "हे तुमच्या कोंबड्यांच्या जाळीत होतं. एल्व्हिओच्या टोपलीतलं. चेरी फेकवल्या नाहीत, म्हणून त्यांचा मुरंबा झाला. कुणी आलंच नाही असं सांगणाऱ्या माणसाने कठड्यावरची टोपली आत आणली. तुम्ही दोघं ट्रेलेऊला होतात. घरात एकच माणूस होतं."

कुणी हॅनाकडे बघितलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"का?" ग्विलिमने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "तिच्यामुळे? वडिलांची पहिली बायको होती म्हणून? तिचा नातू घरात नको म्हणून?"

"मीही आधी तेच धरून चालले होते," केरिस म्हणाली. "पण तो फोटो यांनीच लावलाय. रजया यांनी पाठवल्या. रोसाच्या गावाचं नाव मला यांनीच सांगितलं. रोसाची यांना लाज नाही. आणि एल्व्हिओ इथेलचाच नातू आहे, याबद्दल यांच्या मनात कधी शंका आली नाही. मग भीती कशाची? मंगळवारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, आधी दोघांचं रक्त लावून बघणार." ती क्षणभर थांबली. पुढचं बोलायला तिच्याही जिवावर आलं होतं. "त्यात फांद्या दोन आहेत, ग्विलिम. एल्व्हिओची पक्की आहे. ती मी दगडान् दगड तपासलीय. दुसरी मी कधी तपासलीच नाही. तुझ्याकडे बघून कोण तपासेल?"

ग्विलिमला कळलं नाही. नेस्टला कळलं. तिने बापाचा हात धरला.

"नैन," ती आजीला म्हणाली. तिला ती लहानपणापासून हीच हाक मारायची. "नैन, बोल."

हॅना कोचावरच्या रजईच्या कडेवर बसली. सगळ्या आयुष्यात तिला त्या रजईवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं," ती म्हणाली. "इथेल डोंगरात गेला, मुलाला आणायला. रोसाच्या लोकांनी मूल दिलं नाही. मग बर्फ पडलं, वाट बंद झाली. मला वाटलं, तो परत येतच नाही. तिथेच राहिला. मी एकोणीस वर्षांची होते. घरात पीठ नव्हतं आणि शेताला पाणी द्यायचं होतं." तिने हात मांडीवर घट्ट धरले. "तो आला तेव्हा माझं पोट दिसत होतं. त्याने कोट काढला आणि विचारलं, पाणी देऊन झालं का शेताला? म्हटलं, झालं. कुणी दिलं ते त्याने मरेपर्यंत विचारलं नाही. त्याला माहीत होतं. मुलाला नाव दिलं, मांडीवर घेतलं, चॅपलला नेलं. त्याच्या कबरीवर आता मी चिखल टाकू?"

"कुणी दिलं पाणी, हॅनाकाकू?" केरिसने विचारलं.

हॅनाने मान वर केली. ती केरिसकडे बघत नव्हती. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होती.

"म्हणून ओल्वेनशी लग्न मोडलंत," केरिस म्हणाली. "कारण विचारलं तर कधी सांगितलं नाहीत. लोक म्हणाले, हॅनाला गर्व. तसलं लग्न होऊ देता येत नव्हतं, आणि का ते सांगताही येत नव्हतं."

"तेगिद बोवेन," हॅना म्हणाली.

आलेदच्या बापाचं नाव.

ग्विलिम भिंतीला टेकला. "ओल्वेन," एवढंच तो म्हणाला. ती ब्वेनोस आइरेसला निघून गेली होती आणि तिथेच एकटी वारली होती. त्याने तिच्या आठवणीने अर्धं आयुष्य काढलं होतं आणि आईला मनातून कधी क्षमा केली नव्हती. आता त्या रागाचं काय करायचं, हे त्याला उमगत नव्हतं.

आलेदच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि हे गायमनमध्ये पहिल्यांदाच घडत होतं.

"नैन," नेस्ट म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "आलेदकाका दर रविवारी त्या टेबलाशी बसून म्हणतात, माझी घ्या. तू तिथेच चहा ओतत असायचीस."

"हो."

"तुला माहीत होतं की ते चालतील."

"मी रोज देवाला म्हणत होते, दुसरी वाट काढ. मग केरिसला एल्व्हिओ सापडला. मला वाटलं, देवाने ऐकलं. किडनी बसली की झालं, कुणी काही विचारणार नाही. आणि मंगळवारी तो डॉक्टर..." हॅनाचा आवाज फुटला. "काल फाटकाकडे बघत बसले. म्हटलं, आज नको. फक्त आजचा दिवस नको. पडदे ओढले. तो रडत उभा होता, मी फटीतून बघत होते. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. माझ्या हाताने मी तुला पुरत होते, बाळा. मला कळत होतं."

नेस्टने तोंड फिरवलं.

मग आलेद पुढे आला. त्याने ग्विलिमकडे नीट निरखून बघितलं, बाजारात घोडा बघावा तसं.

"कान," तो म्हणाला. "कान बापाचे आहेत रे तुझे. इतकी वर्षं मी चॅपलमध्ये तुझ्या मागच्या बाकावर बसून तेच बघतोय." त्याने बाहीने डोळे पुसले. "विमानात खिडकीजवळची जागा मला पाहिजे. आणि नातं लिहून द्यायचं तर न्यायाधीशाची कचेरी संध्याकाळी लवकर बंद होते. उठा कुणीतरी."

केरिसने ट्रेलेऊच्या डॉक्टरांना फोन लावला. रक्ताची तपासणी तर होणारच, डॉक्टर म्हणाले, पण समितीपुढे उभं राहायलासुद्धा नात्याचं शपथेवरचं निवेदन हवं, आणि ते उद्या सकाळी सोबत हवं. ते देऊ शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

"माझी टोपी," हॅना म्हणाली.

ती चॅपलची काळी टोपी घालून, ग्विलिमचा हात न घेता, मुख्य रस्त्याने चालत गेली. न्यायाधीशाच्या कचेरीत बाकावर मिसेस पॅरी कसल्याशा दाखल्यासाठी बसली होती. म्हणजे रात्रीच्या आत हे प्रत्येक घरी पोचणार, हे ठरलेलं. कारकून कानाने अधू. हॅनाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने कानामागे हात धरून "काय म्हणालात?" असं विचारलं. केरिस पुढे सरसावली, पण हॅनाने तिला हाताने अडवलं आणि पुन्हा सांगितलं, बाहेरच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात. माझा मुलगा ग्विलिम हा तेगिद बोवेनचा. आलेद त्याचा भाऊ. मग तिने स्वच्छ अक्षरात सही केली. घरी येताना मात्र तिने ग्विलिमचा हात धरला, आणि त्यानेही तो सोडवला नाही.

संध्याकाळच्या निरोपांत एल्व्हिओसाठी काय सांगायचं, ते नेस्टने स्वतः फोनवरून रेडिओला कळवलं होतं. काय कळवलं ते कुणाला बोलली नाही. आजीशी तर ती दुपारपासून बोललीच नव्हती. बॅगा दारात होत्या. आलेद मुरंब्याची बरणी उघडून चमच्याने खात होता आणि केरिस त्याला रागावत होती. हॅना आपल्या खुर्चीत, हात मांडीवर.

"डोंगराकडच्या एल्व्हिओ प्रिदेर्खसाठी, गायमनहून," निवेदक म्हणाला. "मी जिवंत आहे. आलेदकाकांना घेऊन उद्या निघतेय. परत आले की तुला भेटायला येईन, तू केव्हाही ये. चेरी गोड होत्या. पडदे चुकून खाली राहिले होते. नेस्ट."

हॅनाने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. नेस्ट उठली, भिंतीला धरत धरत पुढच्या खोलीत गेली, आणि पडदे वर सरकवल्याचा आवाज आला.